रडू न दिलेलं पोर

त्या सूतरंगाच्या कारखान्यात तिला सगळे पारखी म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, पण कागद बघतो कोण! निळ्यातले निळे ओळखणं हे तिचं काम. गिऱ्हाईक बोटभर नमुना पाठवायचं, की आम्हाला हाच निळा हवा. मग टाकीतून निघालेली सुताची लड त्या नमुन्याला जुळते की नाही, हे पारखीनं सांगायचं. तुम्हाआम्हाला जुळे भाऊ वाटतील अशा दोन धाग्यांतला एक उचलून ती म्हणायची, "ह्यात लाल जरा जास्त पडलाय." आणि पडलेला असायचा. वस्ताद, म्हणजे टाक्यांवरचा मुख्य माणूस, जन्म त्या वाफेत घालवलेला. पण तोसुद्धा लड तिच्या पुढ्यात टाकून निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरासारखा नखं कुरतडत उभा राहायचा.

धंद्यातले दोन नियम तिला वस्तादानंच शिकवले होते. एक, ओल्या सुताची शेड बघायची नाही. ओलं सूत खोटं बोलतं, आहे त्याहून गडद दिसतं. वाळू द्यायचं, मग तोंड उघडायचं. दुसरा, दिव्याच्या उजेडात बघायचं नाही. खिडकीपाशी न्यायचं, दिवसाच्या उजेडात धरायचं. पारखीच्या अंगात हे नियम इतके मुरले होते की बाजारात टोमॅटो घेतानासुद्धा ती तो आधी फडक्यानं कोरडा करायची आणि उन्हात धरून फिरवून बघायची. सासू वैतागायची. "अगं चिरायचाय तो. सोयरीक नाही जुळवायची त्याच्याशी."

घर कारखान्याच्याच मागच्या अंगाला. दोन खोल्या, एक खिडकी, आणि तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. नवरा त्याच कारखान्यात बॉयलरवर. सासू गुडघ्यांनी जेरीस आलेली. बसली की उठायला दोन माणसं आणि उठली की बसायला एक. आणि पोरगा, पावणेदोन वर्षांचा.

पोराला बशा म्हणायचे. नाव बापानं पाडलेलं. पोर चार पावलं धावायचं आणि मध्येच उकिडवं बसायचं. गुडघे पोटाशी घ्यायचं, तोंड उघडं टाकायचं, भाता चालावा तसा श्वास घ्यायचं. जरा वेळानं आपलं आपण उठायचं, पुन्हा चार पावलं, पुन्हा बैठक.

"हा बघा, बसला! अर्ध्या तासात बसला नाही तर शिंगं लावून घेईन मी," बाप म्हणायचा. "बशा बैल आहे नुसता."

"तूच असा होतास," सासू म्हणायची. "अजूनही आहेस."

सगळे हसायचे. पारखीही हसायची. घरात एवढाच एक विनोद होता आणि तो रोज ताजा निघायचा.

ओठांचं पहिल्यांदा लक्षात आलं ते सासूच्या. पोर कशासाठी तरी भोकाड पसरून रडत होतं आणि त्याचे ओठ निळसर झाले होते. सासू कडाडली, "अगं, हात धुतल्याशिवाय घेऊ नको म्हणून किती वेळा सांगितलं? ओठाला रंग लावून ठेवलास त्याच्या!"

आता पारखीचे हात होतेच निळे. नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळव्याच्या रेषा, सगळं निळं. साबणानं वरवरचं जायचं, खालचं राहायचं. तिनं जाऊन हात घासले. दुसऱ्या दिवशी दगडानं घासले. मग कामावरून आल्यावर कपडे बदलून, कोपरापर्यंत धुऊन, मगच पोराला हात लावायचा असा नेम केला. तरी पोर रडलं की ओठांवर निळं उमटायचंच.

ही गोष्ट सुतार किंवा शिंपी यांच्या घरात घडली असती, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हटलं असतं की ओठ निळे का पडले? इथं कुणी म्हटलं नाही. ज्या घरात उंबऱ्यापासून उशीपर्यंत निळा लागलेला, तिथं आणखी एका निळ्या डागाचं कुणाला काय!

आणि पारखीला तिचा धंदा आड आला. पोर रडायचं ते संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली. तोंड अश्रूंनी आणि लाळेनं ओलंचिंब. तिच्या मनात चर्र व्हायचं. पण लगेच आतून वस्ताद बोलायचा: ओलं बघू नको, दिव्याखाली बघू नको. ती पोराला शांत करायची, तोंड पुसायची, कोरडं करायची, आणि सकाळी खिडकीपाशी नेऊन बघायची. ओठ छान गुलाबी. "बघा, काही नाही," ती म्हणायची. ज्या नजरेवर अख्खा कारखाना चालायचा, ती नजर तिनं असे कितीतरी महिने वाळेपर्यंत थांबवून ठेवली.

मग एकदा पोर बाटली हिसकावल्यावर असं रडलं की रडता रडता आवाजच बंद झाला. अंग ढिलं पडलं, मान कलली. क्षणभरच. पारखीनं त्याला छातीशी आवळलं तसं त्यानं खोल श्वास घेतला आणि झोपी गेलं. सासू आणि पारखी एकमेकींकडं बघत राहिल्या. त्या दिवसापासून घराचा कायदा ठरला: ह्याला रडू द्यायचं नाही.

हा कायदा ऐकायला सोपा वाटतो. पाळून बघा.

पावणेदोन वर्षांचं पोर रडतं कशानं? सगळ्यानं. दार लागल्याचा आवाज झाला की रडतं, म्हणून कडीला चिंधी गुंडाळली. आई दिसेनाशी झाली की रडतं, म्हणून पारखी संडासाला जाताना त्याला कडेवर घेऊन जायची. केस कापायला घेतले की रडतं, म्हणून केस मानेवर आले. शेजारीण बघायला आली तर अनोळखी तोंड बघून रडेल, म्हणून शेजारणीला दारातूनच वाटेला लावायचं. "पोर झोपलंय," सासू कुजबुजायची. पोर आतून हाका मारतंय हे शेजारणीला ऐकू यायचं. दोन-चार वेळा असं झाल्यावर ती यायची बंद झाली. जाताना एवढं म्हणाली, "तुमच्याकडे राजा जन्माला आलाय वाटतं. आम्ही आपली रयत."

राजाच झाला होता तो. पोरांना सगळं कळतं. ओठ नुसते वाकडे केले की घर धावत येतं हे त्यानं ओळखलं होतं. बापाचा चष्मा मागितला, दिला. तोडला, तोडू दिला. सासूच्या गुडघ्यावर उभं राहायचंय म्हणाला. ती दात आवळून बसली, पण खाली उतरवला नाही. पारखीच्या हाताला आणि कमरेला त्याच्या वजनाचा असा आकार आला की तो कडेवर नसला तरी ती वाकडीच चालायची. आपण कुणाला तरी डांबून ठेवलंय की कुणीतरी आपल्याला, हे तिचं तिलाच कळेनासं झालं.

एकदा दवाखान्यात नेलं होतं. कसं नेलं तेही ऐका. पोट भरून, झोपवून, वारा लागू नये म्हणून दोन स्वेटर चढवून. बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली. डॉक्टरनं विचारलं, "खातो का?"

"खातो की," सासू म्हणाली.

"खेळतो?"

"खेळतो म्हणजे? थांबत नाही."

घरातल्या पोराला बाहेरच्यासमोर कमी दाखवायचं नाही, एवढंच तिला ठाऊक. डॉक्टरनं स्वेटरवरूनच नळी टेकवली, झोपलेल्या गुलाबी तोंडाकडं बघितलं आणि ताकदीचं औषध लिहून दिलं. रडल्यावरचं सांगायला पारखीनं तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट आत येऊन बसला होता. घरी येताना सासू म्हणाली, "झालं ना समाधान? आता पोराच्या मागं लागू नको."

पारखी मागं लागली नाही. दिवसा ती पोराला कामावर न्यायची. सासूकडून आता उचलवत नव्हतं. सूत वाहायची चाकांची गाडी असते, छातीएवढ्या उंच कडांची. तिच्यात तळाला मऊ लडी घालून त्याला बसवायची आणि गाडी खिडकीशी लावायची. त्यात धावता येत नाही, पडता येत नाही. वस्ताद येता-जाता आत डोकवायचा. "काय कैदी, जेवण झालं का?" पोर हात वर करायचं. "सुटका मागतंय बघ," वस्ताद म्हणायचा. पारखी हसायची नाही. दिवसभर पोर गाडीत, ती गाडीपाशी. आणि पोर गुलाबी. त्या गुलाबीसाठी तिनं सगळं मान्य केलं होतं.

गाडीतून ते निसटलं त्या दिवशी न रंगवलेलं कोरं सूत आलं होतं. अंगणात तारांवर ओळीनं पांढऱ्या लडी टांगलेल्या, भर दुपार, डोळ्यांना झोंबणारा उजेड. पारखी वस्तादाशी एका शेडवरून हुज्जत घालत होती. पोरानं लडी एकावर एक दाबून पायरी केली, गाडीच्या कडेवर पोट टाकलं आणि पलीकडं धपकन पडलं. पडलं तरी रडलं नाही. मोकळं झालं होतं ना! धावत सुटलं. पांढऱ्या लडींच्या गल्लीतून, हात पसरून, हसत. पारखी मागं. दहा पावलं, पंधरा पावलं. मग ठेच लागली, तोंडावर आपटलं आणि रडायला लागलं.

तिनं उचललं तेव्हा त्याच्या तोंडामागं पांढरं सूत होतं आणि वर ऊन. शेड बघायला ह्याहून चांगली जागा कारखान्यात नव्हती. तिनं बघितलं. ओठ निळे होते. उघड्या तोंडातली जीभ निळी होती, हिरड्या निळ्या होत्या. मुठी आवळल्या होत्या त्यांची नखं निळी होती.

हाताशी कोरी लड होती. तिचं टोक तिनं पोराच्या लाळेतच भिजवलं आणि त्याच्या ओठांवर घासलं. रंग कच्चा की पक्का हे असंच बघतात: ओल्या पांढऱ्यानं घासायचं, आणि पांढऱ्यावर काय येतं ते बघायचं. पांढऱ्यावर काही आलं नाही. तिनं जिभेवर घासलं. काही नाही.

"वस्ताद," ती म्हणाली. "हा रंग आपला नाही. आतून येतोय."

वस्ताद धावत आला होता. त्यानं पोराकडं बघितलं आणि नियम सांगितले नाहीत. "ऊठ," एवढंच म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात ने. शेड मी बघतो आज. बिघडली तर बिघडली."

नवऱ्याला बॉयलर सोडून हलता येत नव्हतं. वाफ अर्ध्यावर होती. "मागच्या वेळी तर छान आहे म्हणाले ना?" तो दारातूनच म्हणाला.

"मागच्या वेळी मी छान करून नेला होता."

सासूला घरी ठेवायचं होतं, पण ती ऐकेना. बसच्या पायऱ्या चढताना कंडक्टरनं वरून ओढली आणि पारखीनं खालून खांदा दिला. बसमध्ये पोर सासूच्या मांडीवर बिस्किट चोखत शांत झालं आणि दवाखाना येईपर्यंत पुन्हा गुलाबी. पारखीला वाटलं, पुन्हा तेच होणार.

वजन करणाऱ्या नर्सनं पोराऐवजी पारखीचीच बोटं हातात घेतली. "अहो बाई, नखं बघा तुमची! तुम्हीच झोपा खाटेवर."

"माझी दगडानं घासली की निघतात," पारखी म्हणाली. "त्याची निघत नाहीत."

नर्सचं हसू मावळलं. तिनं नंबर वर घेतला.

खोलीत लहान मुलांची डॉक्टर होती, केस पिकलेली, शांत. बाहेर बाकावर सासू. "काय होतंय ह्याला?" डॉक्टरनं विचारलं.

"रडला की ओठ निळे पडतात."

डॉक्टरनं पोराकडं बघितलं. पोर टेबलावरची पेन्सिल बघत होतं, गाल कसे सफरचंदासारखे. डॉक्टरनं गळ्यातली नळी हातात घेतली आणि पारखीला ती स्वेटरवर टेकलेली नळी आठवली. ताकदीच्या औषधाची बाटली आठवली. कडीवरची चिंधी आठवली. परत त्या दोन खोल्यांत, परत त्या गाडीत, परत कुणाला दिसणार नाही असं सांभाळत बसायचं. तिनं पोराला खाली जमिनीवर ठेवलं. "थांबा," ती म्हणाली. "दाखवते."

आणि ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

घरात तो कायदा झाल्यापासून पोराच्या बाबतीत असं कधीच झालं नव्हतं. आई दाराआड गेली आणि परत आली नाही. आत आधी शांतता. मग किंकाळी.

सासू बाकावरून म्हणाली, "अगं, आत रडतोय तो! कोण आहे त्याच्यापाशी?"

"डॉक्टर आहेत."

"मग तू बाहेर काय करतेस?"

"रडवतेय."

सासू उठली. कुणाचा हात न घेता उठली. गुडघे कडकड वाजले. "हात काढ दाराचा," ती म्हणाली. पारखीनं मूठ आणखी आवळली. सासूनं तिच्या दंडाला धरून ओढलं, पाठीत बुक्की घातली. "वैरीण आहेस का? मरेल ना तो!" पारखी दाराला पाठ लावून उभी राहिली. पाठीला आतला आवाज लागत होता. तो चढत गेला, चढत गेला आणि मध्येच तुटला.

"आत या!" डॉक्टर ओरडली. "लगेच!"

डॉक्टर जमिनीवर बसली होती. पोर तिच्या छातीशी, आणि त्याचे गुडघे तिनं दुमडून त्याच्या पोटाशी दाबून धरले होते. त्याचे ओठ इतके गडद होते की पारखीला कारखान्यातल्या कुठल्याच टाकीचं नाव आठवेना. नर्स ऑक्सिजनची नळी घेऊन धावली, त्याच्या नाकाशी धरली. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. सासू दारात भिंतीला धरून उभी. कितीतरी वेळानं पोरानं उचकी दिली, मग दुसरी, आणि निळं हळूहळू जांभळट झालं, जांभळटाचं फिकट झालं. पारखीनं सगळ्या पायऱ्या बघितल्या. ह्या वेळी ती वाळायची वाट बघत बसली नव्हती.

"खेळताना असा बसतो का हा? गुडघे पोटाशी घेऊन?" डॉक्टरनं विचारलं.

"बसतो," सासूच बोलली. "आम्ही हसायचो."

"त्याला बसल्यावर बरं वाटतं म्हणून बसतो. त्याला कुणी शिकवलं नाही, त्याचं त्यानं शोधलं." मग पारखीकडं वळून ती रागानंच म्हणाली, "पुन्हा असं मुद्दाम रडवायचं नाही. जिवावर बेततं. छातीला नळी लावली असती तरी मला कळलं असतं."

"स्वेटरवरून?"

"मी स्वेटर काढायला लावते," डॉक्टर म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण किती निळा होतो ते मला कळलं नसतं. तारीख देऊन घरी पाठवला असता कदाचित. आता पाठवत नाही."

तपासण्यांत निघालं ते असं: हृदयाला आत भोक, आणि फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद. रडला, धावला की चांगलं रक्त आणि वाईट रक्त एक होतं. हे जन्मापासूनचं. ऑपरेशन करावं लागेल, करता येतं, पण आधी औषधं, आणि तोवर इथंच. नवरा संध्याकाळी आला, काजळी पुसायची राहिलेली. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "बशा म्हणत होतो मी त्याला?" सासूला तो घरी घेऊन गेला. वॉर्डात एकालाच राहता येतं, असा नियम होता.

खाटेला चारी बाजूंनी गज. एका हाताला सुई टोचून फळी बांधलेली, नाकाशी नळी. औषधानं पोर शांत पडलं होतं, पण जागं होतं. पारखीनं गजांतून हात घालून त्याच्या केसांवरून फिरवला. त्यानं मान भिंतीकडं वळवली.

ती उठली, खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली. खाट आणि भिंत यांच्यात स्टूल जेमतेम मावलं. गुडघे गजांना टेकले. पोरानं तिच्याकडं बघितलं. ओठ वाकडे केले नाहीत, हात वर केले नाहीत. नुसतं बघितलं आणि मान दुसऱ्या बाजूला वळवली.

नर्स औषध घेऊन आली. "रुसलाय वाटतं."

"रुसू दे," पारखी म्हणाली. तिनं स्टूल ओढून काढलं आणि पुन्हा वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.